एक रुपयाचं टेबल

बँकेच्या हिशेबात कुठलीही वस्तू एकदम मरत नाही. टेबल विकत घेतलं की त्याची किंमत पुस्तकात पडते, मग दरवर्षी घसारा वजा होत जातो आणि काही वर्षांनी त्या टेबलाची किंमत उरते एक रुपया. शून्य करत नाहीत, कारण वस्तू जागेवर आहे आणि तिचं नाव वहीत राहायला हवं. एक रुपयापेक्षा जास्तही धरत नाहीत, कारण तिच्यातून आता काही निघायचं नाही, असं सगळ्यांनी मनाशी ठरवलेलं असतं. पस्तीसएक वर्षं मी अशा एक रुपयाच्या टेबलांवर कोपरं टेकून नोकरी केली, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण त्या एक रुपयाचा खरा अर्थ मला निवृत्तीनंतर, एका गोठ्यात कळला.

गोठा माझ्या मेहुण्याचा. अकोले ही माझी सासुरवाडी. हे अकोले प्रवरेकाठचं, अगस्ती ऋषींच्या आश्रमाचं. विदर्भातलं अकोला नव्हे. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो, आणि तो करूनही मी मुंबईहून मागवलेला रंधा आधी विदर्भाची वारी करून मगच माझ्या हाती पडला. १९८६ ते १९८९ अशी तीन वर्षं मी याच तालुक्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. पुढे बदल्या होत राहिल्या. २०१९ मध्ये निवृत्त झालो, तेव्हा हिच्या आग्रहाखातर आम्ही इथेच घर केलं.

एकदा दूध आणायला गेलो असताना मेहुण्याच्या गोठ्यात एका टेबलावर पेंडीची घमेली ठेवलेली दिसली. टेबल साडेचार फूट लांब, अडीच फूट रुंद. एक खण गायब. वरचं हिरवं रेक्झिन कधीच फाटून गेलेलं. पण उजव्या कोपऱ्यात शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा तळहाताएवढा डाग होता, आणि तो डाग माझ्या ओळखीचा होता. ते आमच्याच शाखेतलं टेबल होतं. २००४ च्या सुमारास शाखेत संगणक आले, नवे काउंटर बसले आणि जुनं फर्निचर लिलावात निघालं, तेव्हा मेहुण्याने दोनशे रुपयांना ते उचललं होतं. "न्या की दाजी," तो म्हणाला, "मी दुसरी फळी टाकतो." अशा रीतीने ज्या टेबलामागे मी साहेब म्हणून बसत होतो, ते टेबल छोट्या टेम्पोतून माझ्या अंगणात येऊन उतरलं.

सुतारकामाचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. आधी पाट केला, मग एक डुगडुगतं स्टूल, मग नातवासाठी पुस्तकांची मांडणी. तेवढ्यावर मला वाटायला लागलं की आपल्याला येतं. टेबलाचे दोन पाय खालून वाळवीने पोखरले होते आणि वरच्या चार फळ्यांपैकी दोन ओल लागून कुजल्या होत्या. साग वाळवी खात नाही असं आपण म्हणतो, पण ते खरं आहे झाडाच्या आतल्या, तांबूस गाभ्यापुरतं. सालीलगतचं फिकट लाकूड ती खुशाल खाते. पायांच्या कडेला नेमकं तेच लाकूड आलं होतं.

नवा साग घ्यायचा नाही, एवढं मात्र मी ठरवलं होतं. हिच्या भावकीतला जुना वाडा पाडून तिथे स्लॅबचं घर उभं राहत होतं. त्यातली एक तुळई मी नऊशे रुपयांना घेतली आणि वखारीत नेऊन चिरून आणली. आत दडलेल्या खिळ्यावर करवतीचं पातं अडकलं, म्हणून वखारवाल्याची बोलणी खाल्ली ती वेगळीच. पण आतून निघालेलं लाकूड असं, की वास घेत बसावं.

मग मी टेबल खोललं. वरचा तक्ता काढताना चौकटीच्या आतल्या बाजूला मला आठ लहान ठोकळे दिसले. प्रत्येक ठोकळ्याला एका बाजूने जीभ काढलेली, ती जीभ चौकटीच्या खाचेत सैलसर बसलेली, आणि ठोकळा स्क्रूने वरच्या तक्त्याला जोडलेला. सगळे आठही ठोकळे हलत होते. मला वाटलं, जुनं झाल्यामुळे ढिले पडलेत, किंवा करणाऱ्याने काम उरकलं आहे. मी ते आठही ठोकळे काढून बंबात घातले. नव्या फळ्या जुन्यांना चिकटवल्या आणि सगळा तक्ता चौकटीला चारी बाजूंनी लांब स्क्रूंनी असा आवळून टाकला की हलायची बिशाद नाही. दिवाळीनंतरचे दिवस होते. टेबल देखणं दिसत होतं. चार लोकांना बोलावून दाखवलं, चहा पाजला.

एप्रिलमधल्या एका दुपारी बाहेरच्या खोलीतून फटाका वाजावा तसा आवाज आला. जाऊन पाहतो तर तक्ता मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलेला.

तेव्हा मी गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारांना बोलावणं धाडलं. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. सगळे त्यांना बाबा म्हणतात. बाबा आले, टेबलाकडे बघितलंही नाही. खाली बसून त्यांनी तक्त्याखालून हात फिरवला आणि विचारलं, "ठोकळे कुठं गेले?"

मी खरं ते सांगितलं. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पाणी तरी चांगलं तापलं असंल."

मग त्यांनी मला त्या ठोकळ्यांचं काम समजावून सांगितलं. लाकूड वाळलं तरी त्याला पावसाळा कळतो, उन्हाळा कळतो. आमचा तालुका तर असा, की पश्चिमेला घाटघर-भंडारदऱ्याकडे पाऊस आठवडे आठवडे हटत नाही आणि चैत्र-वैशाखात इकडे पाटावर ठेवलेला पापड दुपारीच कडकडतो. लाकूड लांबीला फारसं बदलत नाही, पण रुंदीला फुगतं आणि आकसतं. अडीच फुटी तक्ता वर्षभरात सूत-दीड सूत मागेपुढे होतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याला सरकायला जागा हवी. ती जागा देण्यासाठीच तो ठोकळा सैल ठेवलेला असतो: तक्ता उडूनही जाणार नाही आणि अडकूनही पडणार नाही. मी ज्याला ढिलेपणा समजलो, ती त्या कारागिराची अक्कल होती.

त्यानंतर बाबा नऊ दिवस रोज सकाळी येत राहिले. मी हाताखाली. त्या नऊ दिवसांत मी आमच्या टेबलाविषयी जे शिकलो, ते त्याच्यामागे तीन वर्षं बसून कळलं नव्हतं. प्रत्येक पायावर आणि त्यात बसणाऱ्या आडव्या पट्टीच्या कुसवावर पटाशीने मारलेल्या बारीक खुणा होत्या: इथे एक, तिथे दोन, तिसरीकडे तीन. ज्याचं कुसू त्याच्याच भोकात गेलं पाहिजे, म्हणून. सांध्यातून आरपार लाकडी खुंटी घातलेली, म्हणजे उद्या वेळ आली तर मागून ठोकून ती काढता येईल. चिकटवायला सरस वापरलेला. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात, आणि त्याचा गुण असा की गरम पाणी आणि वाफ दिली की तो पुन्हा सुटतो. वरचं पॉलिश चपड्याचं, ते स्पिरिटच्या बोळ्याने विरघळतं. म्हणजे ज्या कुणी हे टेबल केलं, त्याने ते पक्कं तर केलंच, पण हे कधीतरी मोडणार आहे आणि कुणीतरी ओळख ना पाळख असलेला माणूस ते खोलून दुरुस्त करणार आहे, हे मनात धरून केलं. त्या अनोळखी माणसासाठी त्याने खुणा करून ठेवल्या. माझ्यासाठी. आणि मी पहिल्याच दिवशी त्याचे आठ ठोकळे जाळले.

इथपर्यंतची गोष्ट एका हौशी माणसाच्या फजितीची आहे, आणि ती तेवढीच असती तर मी रविवारच्या सकाळी आपला वेळ घेतला नसता. पण पाचव्या दिवशी चहा पिताना बाबा टेबलाच्या पायावर हात ठेवून सहज म्हणाले, "साहेब, याच टेबलावर माझा कागद पडला होता."

साल १९८७. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम तेव्हा जोरात होता. गरीब कुटुंबांना कर्ज आणि अनुदान देणारी ती योजना २ ऑक्टोबर १९८० पासून देशभर लागू झाली होती आणि तिच्यात ग्रामीण कारागीरही बसत होते. बाबांनी चार हजार रुपये मागितले होते. कशासाठी? लाकूड घ्यायला. आणि घेतलेलं लाकूड वर्षभर नुसतं ठेवून द्यायला. मला तो अर्ज अंधूक आठवला. माणूस आठवला नाही, पण मी विचारलेला प्रश्न मात्र लख्ख आठवला. मी विचारलं होतं, "लाकूड वर्षभर पडून राहणार, मग पैसा फिरणार कसा?"

कागदावर प्रश्न बिनचूक होता. खेळतं भांडवल खेळलं पाहिजे, हे बँकिंगचं पहिलं पुस्तक सांगतं. पण चिरलेलं लाकूड सावलीत, हवेत वाळायला इंचामागे साधारण वर्ष लागतं, आणि तसं न वाळलेल्या लाकडाचं दार-टेबल काय करतं, ते मी आता माझ्या बाहेरच्या खोलीत ऐकलं होतं. ज्याच्याकडे भांडवल नाही, तो सुतार ओलं लाकूड घेतो, लगेच वापरतो, ते वाकतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं की सुताराला काम येत नाही. बाबांना हे टाळायचं होतं. लाकूड पडून राहणं हाच त्या धंद्याचा निम्मा भाग होता. मी त्याला अडकलेला पैसा म्हटलं आणि कागद बाजूला ठेवला.

बाबांनी मग दुकान काढलं नाही. पुढची वीसेक वर्षं ते स्लॅबच्या कामांवर सेंटरिंगच्या फळ्या ठोकत होते. स्लॅब वाळला की फळ्या उपसायच्या, दुसरीकडे न्यायच्या. ज्या हाताला सुताचा फरक कळत होता, त्या हाताने वीस वर्षं खिळे ठोकले. मुलगा नाशिकला अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. त्याचं बरं चाललं आहे. मी काहीतरी पुटपुटलो. बाबाच म्हणाले, "तुमचं बी बरोबरच होतं की. कागदावर काय दिसणार?"

रागावले असते तर बरं झालं असतं.

आता कुणी म्हणेल, एका अर्जाचं एवढं काय? यांत्रिक युगात सुतार मागे पडणारच होता. हे खरं आहे. बारा बलुतेदारांतला सुतार नांगर, तिफण, बैलगाडी करायचा आणि सुगीला धान्य घ्यायचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' १९१५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हाच त्या व्यवस्थेची चाकं कुरकुरत होती. पुढे लोखंडी नांगर आला, ट्रॅक्टर आला. जातीने नेमून दिलेला धंदा बापाकडून मुलाकडे जबरीने जावा, असं मला मुळीच म्हणायचं नाही. ती व्यवस्था गेली ते ठीकच झालं. पण व्यवस्था मोडताना तिच्यातलं ज्ञान आपण कुठे जमा केलं? जातीच्या वहीतून ते काढलं, ते शाळेच्या वहीत लिहिलं का? आपण त्याची किंमत एक रुपया धरली आणि पान उलटलं.

दुसरा आक्षेप हिशेबाचा, आणि तो मी टाळणार नाही. टेबलाचे दोनशे, तुळईचे नऊशे, सरस-चपडा-स्पिरिटचे साडेचारशे, आणि बाबांची नऊ दिवसांची हजेरी आठशेप्रमाणे सात हजार दोनशे. एकूण आठ हजार सातशे पन्नास. माझे कष्ट आणि हत्यारं यात धरलेली नाहीत. एवढ्या पैशांत, किंवा याहून कमीतही, दुकानात चकचकीत नवं टेबल मिळतं, घरपोच येतं. दुरुस्ती स्वस्त पडते, असं सांगणारा माणूस एक तर स्वतःची मजुरी धरत नाही, नाहीतर दुसऱ्याची नीट देत नाही.

पण हिशेब करायचाच, तर पुरता करू. भुशाच्या दाबलेल्या पाटाचं टेबल एकदा पाणी लागून फुगलं की संपलं. त्यातला स्क्रू एकदा निसटला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही. ते खोलून दुरुस्त करायचं म्हणून केलेलंच नसतं. उलट, चांगला साग तोडणीलायक व्हायला साठ-ऐंशी वर्षं लागतात. झाडाने जेवढी वर्षं घेतली तेवढी तरी त्याच्या टेबलाने दिली पाहिजेत, नाहीतर आपण मुदतीआधीच मुद्दल मोडून खाल्लं. आणि तेवढी वर्षं टेबल टिकायचं, तर मधे दोन-तीनदा ते दुरुस्त करणारा माणूस लागतो. लाकूड टिकाऊ असून भागत नाही. त्याची दुरुस्ती जाणणारेही टिकावे लागतात.

जपानमध्ये इसे नावाच्या ठिकाणी लाकडी देवळं आहेत. दर वीस वर्षांनी ती शेजारच्या मोकळ्या जागेवर जशीच्या तशी नव्याने बांधतात. असं शेकडो वर्षं चालू आहे. २०१३ मध्ये बासष्टावी वेळ झाली. जुन्या देवळाचं लाकूड फेकत नाहीत, ते इतर देवळांना देतात. वीस वर्षं का, याची धार्मिक कारणं असतील, पण एक लाभ सुताराच्याही लक्षात येण्यासारखा आहे: विशीत हाताखाली राबलेला पोरगा चाळिशीत मिस्त्री होतो आणि साठीत नव्या पोरांना दाखवतो. देऊळ मोडून बांधण्याच्या निमित्ताने ते लोक कारागीर घडवत राहतात.

आपल्याकडेही हा विचार कुणी केला नाही असं नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली. आपण तिला हार घातला आणि कार्यानुभवाच्या तासाला थर्माकोलची घरं केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुतार, कुंभार, माळी यांच्याजवळ शिकावं, असं म्हटलं आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांसह अठरा व्यवसायांतल्या कारागिरांना तारणाविना आधी एक लाख आणि मग दोन लाख रुपये पाच टक्के व्याजाने, शिवाय हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांची मदत ठरली आहे. योजना चांगली आहे. पण योजना आमच्याही वेळी होतीच. ती टेबलापर्यंत आली होती. अडली ती टेबलामागे बसलेल्या माणसाच्या अज्ञानात.

म्हणून आज त्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: कारागिराचा कागद आला तर नकार लिहिण्याआधी एकदा त्याच्या पडवीत जाऊन या. ज्याचं कारण तुम्हाला कळलं नाही, ते निरुपयोगी आहे असं धरू नका. शिक्षकांना विनंती, ते दहा दिवस खरोखरच्या सुताराकडे जाऊ द्या, आणि त्याला मानधन द्या. मास्तर म्हणून द्या. आणि घरोघरच्या वाचकांना एवढंच सांगणं, की जुनं टेबल, पाट, पाळणा भंगारात घालण्याआधी गावात कुणी मिस्त्री उरला असेल तर त्याला बोलवा. तो म्हणेल टाकून द्या, तर टाका. पण त्याला विचारा, आणि त्याच्या हजेरीत घासाघीस करू नका. शक्य असेल तर एखादं पोरगं त्याच्या हाताखाली उभं करा.

टेबल आता पुन्हा उभं आहे. आठ नवे ठोकळे बाबांनी माझ्याकडूनच करून घेतले. त्यातले तीन परत करायला लावले. दोन पावसाळे, दोन उन्हाळे गेले, तक्ता सरकतो पण फाटत नाही. जांभळा डाग मी तासून काढला नाही. हा लेख त्याच टेबलावर लिहिला.

शेवटच्या दिवशी मी तक्त्याखाली पेन्सिलीने लिहून ठेवलं: तारीख, लाकूड कुठलं, खुंट्या कोणत्या बाजूने ठोकायच्या, सरस कसा सुटेल, आणि ठोकळे सैलच ठेवावेत. बाबा हसले. म्हणाले, "लिहायला कशाला पाहिजे? ज्याला कळतं त्याला दिसतंच."

खरं आहे. पण पुढच्या वेळी हे टेबल कुणी उलटं करील, तेव्हा तसा कळणारा माणूस आसपास असेल की नाही, याची खात्री मला नाही. म्हणून मी ते पुसलेलं नाही.